अर्धी गोळी आणि सशाचे कान

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी तिशीतली, लग्न होऊन पुण्यात राहते, माहेर सांगली जिल्ह्यातलं. धाकटा भाऊ २५ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले, शेजारचे आपल्याबद्दल बोलतायत, मोबाइलमधून कोणीतरी लक्ष ठेवतंय असं वाटायला लागलं, झोप उडाली, शेवटी तीन आठवडे ॲडमिट करावं लागलं. निदान आधी सायकोसिस, मग स्किझोफ्रेनिया. गेले १४ महिने आवाज नाहीत, पण भाऊ हळू झालाय, चेहरा कोरा असतो, चालताना हात हलत नाहीत, सकाळी उशी लाळेने ओली असते, वजन ११ किलोने वाढलंय. तिच्या मिस्टरांनी एक व्हिडिओ दाखवला की केमिकल इम्बॅलन्स वगैरे काही नसतं, शास्त्रज्ञांनीच आता कबूल केलंय. मामा म्हणतात इंग्लिश गोळ्या बंद करा आणि सर्पगंधा सुरू करा, झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात. आईला पुढच्या वर्षी त्याचं लग्न करायचंय आणि त्याआधी गोळ्या सुटायला हव्यात, म्हणून ती तीन आठवडे डॉक्टरांना न सांगता रात्रीची गोळी अर्धीच देतेय. भाऊ ठीक आहे, उलट थोडा मोकळा वाटतो. प्रश्न असा की डॉक्टरांना सांगायचं का, कारण सांगितलं तर आई बोलणं टाकेल, आणि मुळात हे मेंदूतल्या केमिकलचं प्रकरण खरं आहे की थाप?

तुला तू म्हणतेय, चालेल ना. आधीच सांगते, मी सायकियाट्रिस्ट नाही, मी आयुष्यभर मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवली, म्हणजे औषध शरीरात जाऊन नक्की काय करतं हा माझा विषय, भावाचा डोस किती असावा हे त्याचे डॉक्टरच ठरवणार. पण तुझं पत्र वाचताना दोन-तीन ठिकाणी मी थांबले कारण तुमच्या घरातले सगळे, तू, आई, मिस्टर, मामा, एकाच गोष्टीवर भांडताय असं तुम्हाला वाटतंय पण भांडणं चार वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांत गुंतलीत.

मामांपासून सुरू करू. मामांना वेड्यात काढू नकोस. सर्पगंधा हे काही उगाच कुठलं तरी झाडाचं मूळ नाही, आज आपल्याला मेंदूतल्या केमिकलबद्दल जे कळलंय त्यातला मोठा हिस्सा त्या मुळापासूनच सुरू झालाय. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं की हे मूळ ब्लड प्रेशरवर आणि वेड लागलेल्या माणसांवर चालतं. मग १९४९ मध्ये आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लड प्रेशरच्या ५० पेशंटवर ते वापरून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेपर छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सिबा कंपनीच्या लोकांनी त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, त्याला नाव दिलं रेसरपिन, आणि १९५४ पर्यंत न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना ते देत होते. म्हणजे मामा म्हणतायत ते औषध सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मनोरुग्णालयात वापरून झालंय. मागे का पडलं तर बीपी फार उतरायचं, माणसं उदास व्हायची, आणि कडक व्हायची. हो, कडक, तुझा भाऊ झालाय तशीच.

आता इथे येतो तो माणूस ज्याच्याबद्दल मला खरं लिहायचंय. अरविड कार्लसन, स्वीडनचा, लुंड विद्यापीठात. १९५५ मध्ये तो अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडीच्या लॅबमध्ये काही महिने शिकायला गेला, तिथे त्यांना नुकतंच कळलं होतं की रेसरपिन दिलं की मेंदूतलं सेरोटोनिन संपतं, म्हणजे मेंदूच्या पेशी ज्यांच्यामार्फत एकमेकींना निरोप पोचवतात त्यातलं एक केमिकल. कार्लसन परत आला आणि त्याने विचार केला, फक्त सेरोटोनिनच कशाला, बाकीची पण बघू. बघितलं तर ॲड्रेनॅलिनच्या कुटुंबातली केमिकलही संपलेली. मग १९५७ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसरपिन टोचलं. ससे पडून राहिले, हालचाल नाही, कान लोंबलेले, ढकललं तरी उठेनात. मग त्यांना एल-डोपा दिलं, म्हणजे मेंदू ज्या कच्च्या मालापासून डोपामिन नावाचं केमिकल बनवतो तो. आणि काही मिनिटांत सशांचे कान उभे राहिले आणि ते फिरायला लागले. हा फोटो मी वर्षानुवर्षं वर्गात दाखवला, वरच्या फोटोत चिंधीसारखे पडलेले ससे, खालच्यात तेच ससे ताजेतवाने, आणि मागच्या बेंचवरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवायची.

त्यावेळी डोपामिनला कोणी विचारत नव्हतं, ते नॉरॲड्रेनॅलिन बनवताना मधे येणारं एक स्टेशन आहे असंच धरलेलं. कार्लसनच्या ग्रुपने १९५८ मध्ये दाखवलं की ते मेंदूत स्वतःच्या हक्काने आहे, आणि हालचालीशी संबंधित भागात भरपूर आहे हे लगोलग कळलं. तरी १९६० मध्ये लंडनच्या एका परिषदेत मोठमोठ्या लोकांनी ते मानलं नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनने, म्हणजे कंपवाताने, गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले तर त्या भागात डोपामिन जवळजवळ संपलेलं. पुढे एल-डोपा पार्किन्सनचं औषध झालं, आजही आहे. कार्लसनला नोबेल मिळायला मात्र २००० साल उजाडलं, तोवर तो ७७ वर्षांचा झाला होता.

एवढी गोष्ट सांगायचं कारण तुझ्या भावाचे हात.

१९६३ मध्ये कार्लसन आणि त्याची सहकारी मार्गिट लिंडक्विस्ट यांनी सायकोसिसवरच्या तेव्हाच्या दोन औषधांवर काम केलं, क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल. या औषधांचा परिणाम रेसरपिनसारखाच दिसायचा, पण ती साठा मात्र संपवत नव्हती, हे कोडं होतं. उंदरांमध्ये बघितलं तर मेंदूतली ही केमिकल वापरली गेल्यावर मागे जो कचरा उरतो तो वाढलेला, म्हणजे मेंदू जास्त माल सोडतोय. त्यांनी अंदाज बांधला की औषध पलीकडच्या पेशीचं दार बंद करतंय, निरोप पोचत नाही, म्हणून अलीकडची पेशी अजून जोरात दार वाजवतेय. पुढे सत्तरच्या दशकात ते दार सापडलं, डी-टू रिसेप्टर, आणि जी गोळी त्याला जितकी घट्ट चिकटते तितका तिचा डोस कमी लागतो हे पण दिसलं.

पण गोळीला पत्ता माहीत नसतो. मेंदूच्या ज्या कोपऱ्यात संशय आणि आवाज तयार होतायत तिथलं दार ती बंद करते आणि हालचालीच्या भागातलं पण करते. आमच्या प्रॅक्टिकलला उंदराला हॅलोपेरिडॉल दिलं की त्याचे पुढचे दोन पाय उचलून एका आडव्या पट्टीवर ठेवायचे, साधा उंदीर सेकंदात पाय काढून घेतो, हा तसाच उभा, मुलं घड्याळ लावून मिनिटं मोजायची. तुझ्या भावाचे चालताना न हलणारे हात, कोरा चेहरा, लाळ, हे आळस नाही, "मन लागत नाही त्याचं" पण नाही, आणि (हे आईला सांग) आजार वाढतोय असंही असेलच असं नाही. हा बहुतेक गोळीने आणलेला पार्किन्सनसारखा प्रकार आहे, डॉक्टरांना तो रोज दिसतो, आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे, डोस उतरवणं, दुसरं औषध जे त्या दाराला कमी घट्ट चिकटतं, काही काळ जोडीला वेगळी गोळी. त्याचं अक्षर लहान झालंय का बघ, बँकेच्या फॉर्मवरची सही आधीच्या सहीशी जुळवून बघ, हे लक्षण पेशंट स्वतःहून कधी सांगत नाही.

माझ्या घरातला उलटा किस्सा सांगते. माझे सासरे पार्किन्सनचे पेशंट, एल-डोपा चालू होतं. एकदा डोस वाढवला तेव्हा रोज दिवेलागणीला त्यांना खोलीत लहान मुलं बसलेली दिसायला लागली, घाबरायचे नाहीत, मला म्हणायचे, "अगं त्यांना खायला दे काहीतरी, केव्हाची बसलीत." डोस जरा कमी केला, मुलं गेली. म्हणजे बघ, डोपामिन वाढवलं तर हात सुटतात पण भास येतात, दाबलं तर भास जातात आणि हात आखडतात. हे एका घरात जेवणाच्या टेबलावर बघितल्यावर मला कोणी येऊन "मेंदूतली केमिकल वगैरे थाप आहे" म्हणालं तर मी त्याला चहा पाजेन पण ऐकणार नाही.

आणि म्हणूनच सर्पगंधा नको. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, पण सर्पगंधा साठा रिकामा करते आणि त्याची आताची गोळी दार बंद करते, दोन्ही एकत्र म्हणजे गोदामही रिकामं आणि दारालाही कुलूप, हात अजून आखडतील, बीपी उतरून चक्कर येऊन पडेल. आणि गोळी बंद करून नुसती सर्पगंधा द्यायची तर त्याच दुखण्यासाठी जुनं, ढोबळ, कुठल्या पुडीत किती द्रव्य आहे याचा भरवसा नसलेलं औषध घेणं झालं. साइड इफेक्ट नसतात असं मामा म्हणतात ना, त्यांना सशांची गोष्ट सांग, ते ससे सर्पगंधेनेच पडले होते.

आता मिस्टरांचा व्हिडिओ. तो मी बघितलेला नाही पण कशावरून केला असणार ते कळतंय. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि म्हणाले, डिप्रेशन सेरोटोनिन कमी झाल्यामुळे होतं याला सातत्याने पुरावा सापडत नाही. त्यावर बराच वाद झाला, पण "सेरोटोनिन कमी म्हणून उदास" हे समीकरण फार भाबडं आहे हे या क्षेत्रातले लोक आधीपासूनच म्हणत होते. दोन गोष्टी मात्र व्हिडिओत गाळल्या असणार. एक, तो आढावा डिप्रेशनचा आणि सेरोटोनिनचा होता, तुझ्या भावाचा आजार आणि त्याची गोळी दोन्ही वेगळ्या खात्यातली. दुसरी गोष्ट जरा बारीक आहे. गोळी काम का करते याची सांगितलेली गोष्ट चुकीची निघाली म्हणून गोळी काम करत नाही असं होत नाही. क्लोरप्रोमाझिन १९५२ पासून पॅरिसमध्ये पेशंटना शांत करत होतं, ते कसं चालतं याचा पहिला नीट अंदाज कार्लसनने ११ वर्षांनी दिला. त्या ११ वर्षांत ते काय चालत नव्हतं? आपल्या आज्या हळद लावायच्या तेव्हा त्यांना कुठे रेणू माहीत होते.

पण मिस्टर पूर्ण चूक आहेत असंही मी म्हणणार नाही. "केमिकल इम्बॅलन्स" हा शब्द डॉक्टर वापरतात कारण दहा मिनिटांत पेशंटला काहीतरी समजेल असं सांगायचं असतं, आणि तो शब्द ऐकून तुझ्या आईसारखी माणसं साहजिकच विचारतात की मग रक्त तपासून सांगा ना किती कमी किती जास्त. तशी तपासणी नाहीये. रक्तातल्या डोपामिनवरून मेंदूतलं कळत नाही, मधे एक उंबरठा आहे जो डोपामिनला ओलांडता येत नाही, म्हणून तर पार्किन्सनला डोपामिन न देता एल-डोपा देतात, ते आत जातं. (कोणी लॅबवाला न्यूरोट्रान्समीटर टेस्टचं पॅकेज विकत असेल तर पैसे घालवू नकोस.) पेट (PET) स्कॅनवर, म्हणजे मेंदूत केमिकल कसं काम करतंय ते दाखवणाऱ्या स्कॅनवर, संशोधकांना असं दिसलंय की सायकोसिस असलेल्या लोकांमध्ये मेंदूच्या एका भागात डोपामिन बनवायचा वेग सरासरीने जास्त असतो. पण सरासरीने. एखाद्या माणसाचा स्कॅन बघून याला आजार आहे की नाही सांगता येत नाही. साधारण एक-तृतीयांश पेशंटना डी-टूचं दार बंद करून पुरेसा फरकच पडत नाही, त्यांच्यासाठी क्लोझापिन नावाचं वेगळं औषध आहे, ज्यात रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी एका अशा औषधाला परवानगी मिळाली जे डोपामिनच्या दाराला हातच लावत नाही, दुसऱ्याच रिसेप्टरवर काम करतं. म्हणजे कार्लसनचं बरोबर होतं पण ती पूर्ण गोष्ट नव्हती, आणि हे त्याला स्वतःलाही माहीत होतं, उतारवयात तो अशी औषधं शोधत बसला होता जी दार धाडकन बंद न करता जास्त असेल तिथे कमी आणि कमी असेल तिथे जास्त करतील.

तर केमिकल खरं की खोटं याचं माझं उत्तर असं की खरं आहे, पण त्यावरून भावाने गोळी घ्यायची की नाही हे ठरत नाही. ते ठरतं गोळी चालू असताना तो कसा जगतोय आणि बंद केली तर काय होऊ शकतं यावर.

आता आईची अर्धी गोळी. भाऊ तीन आठवडे ठीक आहे, उलट मोकळा आहे, म्हणून आईला वाटतंय जमलं. याचं साधं गणित बघ. समज पूर्ण गोळीने १०० पैकी ८० दारं बंद होतात. अर्ध्या गोळीने ४० होतील असं वाटतं ना? होत नाही, साधारण ६७ राहतात. पाव गोळीने ५०. कारण जसजशी दारं भरत जातात तसा पुढच्या औषधाचा परिणाम कमी कमी होत जातो. आणि पेट स्कॅनवरून असं दिसतं की ६५ ते ८० टक्क्यांच्या मधे बऱ्याच जणांचे भास आटोक्यात राहतात, ८० च्या वर गेलं की हात आखडायला लागतात. म्हणून अर्धी गोळी दिली की हात मोकळे झाले आणि आवाज आले नाहीत. कदाचित आईने नकळत डॉक्टरांनी करायला हवं तेच केलं असेल, मी हे हसत लिहितेय पण शक्यता आहे. तुमच्या भावाचे नेमके आकडे हेच आहेत असं नाही, औषधागणिक बदलतात. पण या गणिताची वाईट बाजू अशी की अर्ध्यावरून शून्यावर येणं ही उतरणीची सगळ्यात मोठी पायरी आहे, ६७ वरून एकदम ०. अर्धीने काही झालं नाही म्हणजे बंद केल्यानेही होणार नाही असं आईला वाटेल, आणि तिथेच घात आहे. शिवाय आजार उलटायला तीन आठवडे पुरत नाहीत, कधी कधी महिने जातात, तोवर घरचे निर्धास्त झालेले असतात. (आणि काही गोळ्या सावकाश विरघळणाऱ्या असतात, त्या मोडायच्याच नसतात, ही कुठली आहे ते केमिस्टला विचार.)

दोन अभ्यास सांगते, दोन्ही पहिल्यांदाच आजारी पडलेल्या लोकांवरचे, आणि दोन्ही ऐकायला हवेत, एकच ऐकून निर्णय घेतला तर चूक होते. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमधून आलेल्या अभ्यासात १०४ पेशंट होते, पाच वर्षांत सुमारे ८२ टक्के लोकांचा आजार किमान एकदा उलटला, आणि ज्यांनी औषध बंद केलं त्यांना तो धोका जवळपास पाचपट. हे आईला वाचून दाखव. दुसरा नेदरलँड्सचा, २०१३ चा, आजार आटोक्यात आल्यावर काही जणांचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केला, जमलं तर बंद, आणि बाकीच्यांचा तसाच चालू ठेवला. पहिल्या दीड वर्षात कमी केलेल्यांमध्ये आजार उलटायचं प्रमाण दुप्पट होतं, ४३ विरुद्ध २१ टक्के. पण सात वर्षांनी बघितलं तर नीट उभे राहिलेले, कामधंदा, घर, माणसं सांभाळणारे त्यांच्यातच जास्त होते, ४० टक्के विरुद्ध १८. अभ्यास छोटा होता, सगळ्यांनी त्याचा तोच अर्थ लावलेला नाही, पण "कमी करायचं नाव काढू नका, जन्मभर एवढंच" असं कोणी म्हणालं तर तेही अंतिम सत्य नाही. कमी करण्याबद्दल बोलता येतं. चोरून करण्यात मात्र काहीच फायदा नाही, कारण उद्या आवाज परत आले तर डॉक्टरांना वाटेल पूर्ण डोसवर उलटला, म्हणजे डोस वाढवा, आणि हात पुन्हा दगड.

तर हो, डॉक्टरांना सांगायचं. पण चुगली केल्यासारखं नाही. आईला बाजूला बसवून म्हण की तुला जे दिसलं ते खरं आहे, तो मोकळा झाला, हे डॉक्टरांना कळायला हवं म्हणजे ते डोस ठरवतील. तिची चोरी पकडली असं न वाटता तिचं निरीक्षण कामाला आलं असं वाटलं तर ती स्वतःच सांगेल. चौदा महिने ती मुलगा पुतळ्यासारखा बसलेला बघतेय आणि दर महिन्याला "बरा आहे ना, मग त्याच गोळ्या" ऐकतेय, तिने आणखी काय करायचं होतं? डॉक्टर वैतागले तर वैतागू देत. दोन-तीनदा सांगूनही कडकपणाकडे लक्षच दिलं नाही तर दुसऱ्या सायकियाट्रिस्टचं मत घ्या, यात बेइमानी नाही. प्रायव्हेट झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, आणि सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला आपल्या उपचाराची माहिती मागायचा हक्क दिलाय, काही मर्यादा सोडल्या तर केस पेपरची कॉपी पण मागता येते.

आता मी जिथे सगळ्यात जास्त थांबले ते. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात आई बोलते, मिस्टर बोलतात, मामा बोलतात, डॉक्टर बोलतात, तू तर बोलतेसच. भाऊ एका वाक्यातसुद्धा बोलत नाही. तो २५ वर्षांचा आहे, गोळी त्याच्या तोंडात जाते, आणि त्याला ती हवीय की नकोय, तिच्यामुळे त्याचं काय गेलं, आवाज यायचे तेव्हा किती भीती वाटायची, हे पत्रात कुठेच नाही. आपण गृहीत धरतो की मेंदूचा आजार म्हणजे माणसाला स्वतःचं कळत नाही. ॲडमिट केलं त्या तीन आठवड्यांत कदाचित कळत नसेल, आता कळतंय. केमिकलच्या भाषेचा मला हाच एक राग आहे, तिने आईवडिलांच्या डोक्यावरचं "आमचं काय चुकलं" ओझं उतरवलं हे फार चांगलं झालं, पण माणूस म्हणजे बिघडलेलं मशीन आणि घरचे मेकॅनिक असं पण करून टाकलं. त्याला विचार. फिरायला घेऊन जा, समोर बसवून नको, चालता चालता बोलणं सोपं जातं. विचारायचं की गोळीने काय बरं झालं आणि काय बिघडलं, आणि पुन्हा त्रास सुरू होणार असेल तर तुला सगळ्यात आधी काय जाणवतं. बऱ्याच जणांना स्वतःची खूण माहीत असते, झोप दोन-तीन तासांवर येते, कोणीतरी हसलं की आपल्यालाच हसलं असं वाटतं, आंघोळ टळते, मोबाइल उलटा ठेवायला लागतात. ही खूण आधी ठरवून ठेवली की डोस कमी करताना तीच तुमचा थर्मामीटर होते.

लग्नाचं थोडक्यात सांगते कारण यावर वेगळं पत्र येईल याची मला खात्री आहे. गोळ्या सुटणं ही लग्नाची पात्रता नाही. डायबेटिसच्या गोळ्या घेणारे लग्न करतात. पात्रता ही की त्याला स्वतःला लग्न हवंय का, आणि समोरच्या मुलीला सगळं माहीत आहे का. लपवून केलेलं लग्न, नवीन घर, झोपेचा खोळंबा आणि गुपचूप बंद केलेली गोळी, हे एकत्र आलं की काय होतं ते मी ओळखीत दोनदा पाहिलंय.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं ते सांगते. उपयोग तुझ्यासारख्या बाकीच्यांना पण होईल. त्याचा चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, बशीतला कप उचलतानाचा एक, जुनी सही आणि नवी सही, गेल्या वर्षभराचं वजन, शेवटची शुगर आणि कोलेस्टेरॉल कधी तपासलं ती तारीख (नसेल तपासलं तर मागा, या औषधांवर ते नियमित बघायचं असतं). तोंडी सांगितलं की "जरा स्लो वाटतो" एवढंच पोचतं, व्हिडिओ दाखवला की डॉक्टर खुर्चीतून पुढे येतात. आणि प्रश्न कागदावर लिहून न्या: हा कडकपणा गोळीचा आहे का, डोस कमी करता येईल का, कमी करायचा तर किती महिन्यांत आणि कुठल्या टप्प्यांनी, मधेच काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा.

दोन गोष्टींसाठी अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. अंग एकदम ताठ, बरोबर ताप, घाम, बोलणं असंबद्ध, तर सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, आणि कुठली गोळी चालू आहे ते आधी सांगायचं, पाकीट खिशात ठेवा. आणि मरणाबद्दल बोलायला लागला किंवा कोणीतरी "उडी मार" सांगतंय असं म्हणाला तरी तेच, त्याला एकटं सोडायचं नाही. रात्री-बेरात्री कोणाला विचारायचं कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तुझ्या पत्रात पुढची अपॉइंटमेंट मंगळवारची लिहिलीयस. तोवर थांबू नकोस, उद्या सकाळीच क्लिनिकला फोन करून सांगा की तीन आठवडे अर्धी चालू आहे, मंगळवारपर्यंत अर्धीच ठेवू की पूर्ण, ते म्हणतील तसं, तुम्ही आपल्या मनाने वर-खाली काही करू नका. आणि ते व्हिडिओ त्याला विचारून काढ हं, लपून नको. नाही म्हणाला तर त्याच्याच हातात फोन दे आणि म्हण, तूच काढ, डॉक्टरांना काय दाखवायचं ते तू ठरव.